जाताना लाल, येताना हिरवा

माझ्या सासूबाईंना माझ्या सायकलची कधीच भीती वाटली नाही. हे आधी सांगून टाकते, कारण सून सायकलवर बसते म्हटल्यावर सासू नाक मुरडणारच, असं लोक धरून चालतात. आमच्याकडे उलटं होतं. मी पहिल्यांदा सायकल दारात आणली तेव्हा त्यांनी तिच्या चाकावर पाणी घातलं, हँडलला हळद-कुंकू लावलं आणि घंटी दोनदा वाजवून बघितली. त्यांना भीती होती ती काळोखाची. आणि चारकोपात तेव्हा काळोख भरपूर होता.

ऐंशीच्या पुढची वर्षं ती. गिरणी बंद पडली, परळची खोली सुटली आणि आम्ही चारकोपच्या सेक्टरात राहायला आलो. बैठी घरं, एकाला एक चिकटलेली, पुढे हातभर ओटा. नवीन चुन्याचा वास. रस्ते झाले होते, डांबर काळंकुळकुळीत होतं, रस्त्याच्या कडेला विजेचे खांबही उभे केले होते. फक्त खांबांवर दिवे नव्हते. लोक विचारायचे, "काय हो, दिवे कधी येणार?" तर उत्तर मिळायचं, "खांब आले ना, मग दिवे पण येतील." पाहुणा येणार म्हणून पाट मांडून ठेवावा आणि पाहुण्याने वर्षभर येऊच नये, तसं ते.

माझ्या यजमानांना भिवंडीला मागावर काम मिळालं होतं. ते शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी संध्याकाळी जायचे. म्हणजे आठवडाभर घरात मी, सासूबाई आणि दोन लहान पोरं. घर चालायला हातभार लागावा म्हणून मी डबे करायला लागले. आमच्या सेक्टरापासून पुढे मोकळी जमीन होती, खाजणाच्या, खाडीच्या दलदलीच्या, बाजूला उतरत गेलेली, आणि तिच्या पलीकडे इंडस्ट्रियल इस्टेट. तिथे प्लास्टिकची बटणं बनवणारा एक गाळा होता. दुसऱ्या पाळीच्या कारागिरांना संध्याकाळी जेवण हवं होतं. सगळी कोकणातली नाहीतर घाटावरची एकटी माणसं, खाणावळीच्या पातळ डाळीला कंटाळलेली. माझी आमटी चाखली आणि म्हणाले, "वहिनी, रोज आणा. फक्त गरम आणा."

आता गरम आणायचं म्हणजे चालत जाऊन जमेना. अर्ध्या तासाची तंगडतोड, तोपर्यंत भात गोळा व्हायचा. रिक्षा करायची तर डब्याची सगळी कमाई रिक्षावाल्यालाच द्यावी लागली असती. मग मला माझं सायकल चालवणं आठवलं. माझं माहेर मुलुंडचं. तिथे लहानपणी आम्ही तासावर भाड्याची सायकल घ्यायचो. भाडं एकीचं आणि फिरायच्या चौघी. एक चालवणार, एक मागे बसणार, दोघी बाजूने धावणार. पडले किती, गुडघे फुटले किती, पण शिकले. ते शिकलेलं पंधरा वर्षं पायात तसंच झोपून होतं. कांदिवलीहून एक जुनी लेडीज सायकल घेतली, मागे मोठं कॅरियर बसवलं, पदर खोचला, निऱ्या जरा वर घेतल्या आणि पहिल्याच दिवशी डबे गरम पोचले. कारागीर दारात उभे राहून बघत होते. एक जण म्हणाला, "वहिनी, डब्याचं सोडा, आधी तुम्ही पोचलात ते सांगा!"

हे सगळं गणपतीनंतरचं. तेव्हा संध्याकाळी बऱ्यापैकी उजेड असायचा. मी निघायची, डबे द्यायची, रिकामे घ्यायची, परत घरी. पण दसरा गेला आणि काळोख रोज थोडा थोडा अलीकडे यायला लागला. आधी परत येताना शेवटच्या वळणावर गाठायचा. मग इस्टेटच्या फाटकावर गाठायला लागला. दिवाळीच्या तोंडाशी तर मी घरातून निघायच्या आधीच तो ओट्यावर येऊन बसलेला असायचा.

एका संध्याकाळी मी डब्यांच्या पिशव्या कॅरियरला बांधत होते. सासूबाई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. आमच्या सासूबाई मालवणकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढली पण बोलीचा एक कानामात्रा बदलला नाही.

"चेडवा, सायकल चालव, माझा काय म्हणणा नाय. पण काळोख पडलो की माका तुझो दिवो दिसाक होयो. दिवो दिसलो नाय, तर जाऊचा नाय."

मी म्हटलं, "आई, रस्ता पाठ आहे. मला आंधळीला पण सापडेल."

"तुका रस्तो दिसता की नाय ता मी इचारुक नाय. माका तू दिसतंस की नाय, ता सांग."

 त्यांचं म्हणणं कुठून आलं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या गावी घर डोंगराच्या कुशीत, समोर भातशेती, पलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा. बाजारातून, नाटकाहून, कुणाच्या मयतावरून माणूस रात्री परतायचा तो हातात चूड घेऊन. चूड म्हणजे सुकलेली झावळं बांधून पेटवलेली मशाल. घरची बाई खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहून ती चूड बघत असायची. आता व्हाळावर आली, आता मेरेवरून, बांधावरून चालते, आता आंब्याखाली लपली, आता परत दिसली. शेवटच्या वळणावर आला की माणूस चूड दोनदा-तीनदा वर-खाली करायचा. म्हणजे मी आहे हो, दुसरं कुणी नाही. मग घरातून कंदील उचलून दाखवायचा. म्हणजे बघितलं हो, ये. सासूबाई सांगायच्या, "माणूस दिसना नाय काळोखात. दिवो दिसता. दिवो चलता तर माणूस चलता."

आता आमच्या ओट्यावरून इस्टेटपर्यंतचा सगळा रस्ता दिसायचा. मध्ये एक घर नाही, एक झाड नाही. सासूबाईंच्या हिशेबाने ओटा म्हणजे खळं आणि तो डांबरी रस्ता म्हणजे शेताची मेर. फक्त चूड तेवढी नव्हती.

म्हणून मी दिव्याच्या मागे लागले. डबे सुटले असते तर पोरांच्या दुधापासून सगळ्यालाच कात्री लागली असती, आणि खरं सांगायचं तर मला ते डबे, ती सायकल, तो वारा, हे सगळं आवडायलाही लागलं होतं. नुसतं गरजेपोटी करत होते असं म्हटलं तर खोटं होईल.

पहिला उपाय घरातलाच. यजमानांची दोन सेलची लांबुडकी बॅटरी, तीच हँडलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधली. निघाले ऐटीत. पहिल्या खड्ड्यात बॅटरीने मान टाकली आणि माझ्या चाकावरच उजेड पाडायला लागली. सरळ केली, तर दुसऱ्या खड्ड्यात आभाळाकडे बघायला लागली. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "काय गो, वटवाघळा बघी होतंस?"

मग कांदिवलीला सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार गुजराती, गल्ल्यावर बसून शेंगा खाणारा, बोलायला गोड. त्याने काचेवर तीन वस्तू मांडल्या. एक, रॉकेलवर चालणारा पितळी दिवा, त्याच्या वडिलांच्या वेळचा असावा. दोन, हँडलला अडकवायचा पत्र्याचा दिवा, आत दोन मोठे सेल. तीन, डायनमो.

रॉकेलचा मी हातानेच मागे सारला. रेशनवरचं रॉकेल स्टोव्हला पुरत नव्हतं, ते सायकलला कुठून पाजू? राहिले दोन.

"बेन, हा डायनमो घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "एकदा घेतला की जिंदगीभर सेलचा खर्चा नाय. तुमचा पाय चालते, बत्ती चालते."

"आणि हा पत्र्याचा?"

"ते पण चांगला. पण सेल खाते. सेल म्हणजे बेन, जावई. दर महिन्याला काहीतरी मागणार."

मी दोन्ही हातात घेऊन बघितले. पत्र्याचा स्वस्त होता, पण त्याच्या पोटात दर महिन्याला भर घालावी लागणार. डायनमो महाग, पण त्याला खायला काही लागत नाही. डब्याच्या बाईला खाणाऱ्यांची काय ती किंमत कळते! जुना, दुसऱ्याच्या सायकलवरून काढलेला एक डायनमो त्याच्याकडे होता. तो मी घासाघीस करून घेतला. दुकानातल्या माणसाने मागच्या चाकाला बसवून दिला, पुढे गोल दिवा लावला, वायर दांडीला गुंडाळून दिली. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

ज्यांनी कधी डायनमो चालवला नाही त्यांना सांगते. ती एक छोटी बाटली असते, तिची मान टायरला टेकवायची. चाक फिरलं की मान फिरते, मान फिरली की दिवा लागतो. घर्रर्र असा आवाज. सायकल अशी जड होते की मागे कुणीतरी पोर लोंबकळतंय असं वाटावं. जोरात मारा, लख्ख उजेड. हळू मारा, उजेड तांबूस. आणि थांबलात तर? थांबलात तर काहीच नाही. ठार काळोख. या शेवटच्या गोष्टीचा मी काही विचारच केला नव्हता. मी कशाला थांबतेय मधे?

पहिल्या दिवशी परत आल्यावर सासूबाईंना विचारलं, "दिसला का?"

"येताना दिसलो. जाताना नुसतो उजेड दिसता, दिवो दिसना नाय. उजेड काय, चोराकडेव असता."

हे मात्र बरोबर होतं. दिवा माझ्या पुढे, मी त्याच्या मागे, आणि त्या माझ्या मागे. जाताना त्यांना दिसणार काय, तर माझी पाठ. पण त्यांनी ते चालवून घेतलं. जाते तर येईल, येताना तर दिसतो, असं स्वतःशी ठरवलं असेल.

मग आल्या म्हशी.

तबेल्याच्या म्हशी दिवसभर खाजणाकडे चरायच्या. एरवी दिवस मावळायच्या आत परतायच्या, पण त्या दिवशी कुठे रमल्या होत्या कोण जाणे. मी रिकामे डबे घेऊन परत येत होते. अर्ध्या रस्त्यात पुढच्या उजेडात एकदम शिंगं दिसली. ब्रेक मारला. दिवा विझला. आता मला म्हशी दिसत नव्हत्या, फक्त ऐकू येत होत्या. फुसफुस, चपचप, एक शेपटी माझ्या हातावर सपकन बसली. म्हशीला घाई म्हणजे काय ते ठाऊक नसतं. एक गेली, दुसरी मधेच उभी राहिली, तिसरीने रस्त्यातच आपलं काम उरकून घेतलं. मी हँडल घट्ट धरून उभी. मागे गुराखी शिट्टी वाजवत येत होता, त्याला मी म्हटलं, "अरे बाबा, हाकल की त्यांना!" तर तो काळोखातूनच म्हणाला, "आई, त्यांना हाकललं की त्या बसतात."

इकडे ओट्यावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सासूबाई माझा दिवा बघत बसल्या होत्या. येतो, येतो, येतो, आणि गेला. त्यांनी वाट बघितली. दिवा काही परत पेटेना. मग त्या उठल्या आणि अख्ख्या लायनीत त्यांनी हाळी घातली, "माझी सून पडली गो! दिवो इझलो!" शेजारची वहिनी हातात लाटणं घेऊन तशीच बाहेर आली. कुणी कंदील घेतला, कुणी स्टोव्हची पिन घेतली, ती कशासाठी ते तिलाच माहीत. एका काकांनी कापूर आणि गुलाबपाणी घेतलं. आणि ही सगळी वरात, पुढे कंदील उंच धरलेल्या सासूबाई, रस्त्याने निघाली.

म्हशी संपल्या. मी पायडल मारलं, दिवा लागला, आणि समोर बघते तर हे! मला वाटलं कुणाचं तरी बरंवाईट झालं. जवळ गेले, ब्रेक मारला. ब्रेक मारल्यावर दिवा पुन्हा विझला. तो विझल्याबरोबर तीन-चार बायका एकदम ओरडल्या.

सासूबाईंनी कंदील माझ्या तोंडासमोर धरला. "पडलंस काय गो? खंय लागला?"

"कुठे नाही लागलं, आई. म्हशी होत्या. थांबले होते."

"मगे दिवो कशाक इझलो?"

"थांबले म्हणून विझला. तो तसाच असतो."

त्यांनी कंदील माझ्या तोंडावरून दिव्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "तू थांबलंस तर थांब. दिवो कशाक थांबलो?"

मी त्यांना डायनमो समजवायला लागले. चाक, मान, टायर. काकांनी गुलाबपाण्याची बाटली खिशात घालत मला दुजोरा दिला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"जो दिवो माणूस थांबल्यार मरता, तो काय कामाचो? चूड काय तू उबी रवल्यार इझता? माणसाक दिवो कधी होयो? पडलो, अडकलो, उबो रवलो, तेवाच होयो ना? शिरा पडो त्या डायनमोर! उद्यापासून जाऊचा नाय. डबे गेले खड्ड्यात."

सगळी वरात परत आली.  शेजारची वहिनी मधेच म्हणाली, "माझी पोळी तव्यावर आहे," आणि पळत सुटली.

त्या रात्री मी भांडी घासताना विचार करत होते. राग आला होता, नाही असं नाही. एवढी वरात काढली, शोभा केली, वर डबे बंद. पण त्यांनी विचारलेलं डोक्यातून जाईना. दिवा कधी हवा? आपण तर तो रस्ता बघायला घेतला. चालताना रस्ता दिसला की झालं, अशा हिशेबाने घेतला. माझ्या मागे कुणी बसून तो बघतंय, हे मी दुकानात असताना कुठे मोजलं होतं?

सकाळी सायकल घेऊन परत कांदिवली. दुकानदार हसला. "बेन, कंप्लेन?"

"कंप्लेन नाही. सासूबाईंना पसंत नाही."

"डायनमो सासूला बसवायचा नव्हता, सायकलला बसवायचा होता!" म्हणाला, पण शहाणा माणूस, डायनमो परत घेतला आणि पत्र्याचा दिवा दिला. थोडे पैसे कापले, ते कापणारच. आणि सांगितलं, "सेल बदलायचा तर दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना घातला तर जुना नव्याला पण खाऊन टाकते."

मागच्या दिव्यासाठी त्याच्याकडे होती ती नुसती लाल काच, स्वतः न पेटणारी. ती माझ्या कामाची नव्हती. मग मी घरीच केलं. पोरांच्या खेळण्यातली पेन्सिल सेलची एक बोटभर बॅटरी होती. गणपतीच्या मखराला लावलेला जिलेटिनचा रंगीत कागद मी जपून ठेवला होता. त्यातला लाल तुकडा तिच्या तोंडावर रबराने लावला आणि बॅटरी कॅरियरच्या खाली सुतळीने बांधली, तोंड घराकडे.

त्या संध्याकाळी डबे बांधून मी सासूबाईंना नुसतं म्हटलं, "बसा ओट्यावर. दिसलं नाही तर उद्यापासून जाणार नाही. माझा शब्द."

पुढचा पांढरा लावला, मागचा लाल लावला आणि निघाले. मुद्दाम अर्ध्या रस्त्यात थांबले. पाय जमिनीला टेकून उभी राहिले. दोन्ही दिवे जळत होते. इस्टेटला पोचले, डबे दिले. परत येताना जिथे शेवटचं वळण होतं तिथे उतरले, हँडलवरचा दिवा काढून हातात घेतला आणि वर-खाली, वर-खाली केला. माझं सासर कोकणातलं असलं तरी मी वाढले मुलुंडला. चूड मी आयुष्यात धरलेली नव्हती. जरा हसूही येत होतं, कुणी बघितलं तर काय म्हणेल.

आणि तिकडे, लांब, आमच्या ओट्यावर एक बारीक पिवळा ठिपका उचलला गेला.

काय सांगू, माझे हातच थांबले. एवढ्या काळोखात ते चिमूटभर काहीतरी माझ्यासाठी वर झालं होतं.

घरी आले तर त्या फक्त म्हणाल्या, "जाताना लाल, येताना पांढरो. आता बरा दिसता." झालं. डबे चालू राहिले.

सेलचं खातं मग सासूबाईंनीच आपल्याकडे घेतलं. आम्ही सेल म्हणजे कसे वापरायचो! नवा मोठा सेल आला की त्याला त्या कुंकवाचं बोट लावायच्या, म्हणजे नवा कुठला ते कळावं आणि जुन्याशी मिसळू नये. सायकलच्या दिव्यात मंद झाला की कुंकू पुसून तो रेडिओत जायचा. दिव्याला न पेलणारा सेल रेडिओला आणखी पंधरा दिवस बातम्या ऐकवतो. मागच्या लाल दिव्याचे पेन्सिल सेल थकले की एक भिंतीवरच्या घड्याळाला. रेडिओतूनही उतरले की सुपात घालून उन्हात. आमच्या पत्र्यावर सुपात कोकमं वाळत घातलेली आणि त्यांच्या शेजारी ओळीने सेल, हे दृश्य मी वर्षानुवर्षं बघितलं. उन्हाने सेल थोडे जिवंत होतात. खरंच होतात की आम्हाला वाटायचं, देव जाणे. पण रेडिओ त्यानंतर एखादा दिवस तरी बोलायचा. स्वस्तातले साध्या कागदाचे सेल एकदा पाझरले आणि दिव्याची पट्टी खाऊन गेले. ती मी लिंबाच्या फोडीने घासून साफ केली. तेव्हापासून चांगल्या पत्र्याचे घ्यायला लागले. ते दिसायला महाग, पण टिकायला स्वस्त.

एका शनिवारी यजमान लवकर आले. त्यांना आईच्या शेजारी ओट्यावर बसवून मी डबे घेऊन गेले. परत आले तर हे हसतायत. "तू सायकल आहेस की मालगाडी गं? मागे लाल दिवा, पुढे बत्ती, वळणावर सिग्नल! आणि आमची आई स्टेशनमास्तर."

सासूबाईंनी कंदील खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तू भिवंडीत असतस. तुझो दिवो माका कोण दाखयता?"

 यजमान नंतर बराच वेळ आईच्या पायाशी बसून राहिले होते.

दोन हिवाळे असे गेले. मग एका संध्याकाळी, मी घरातच होते, रविवार असणार, बाहेर एकदम गलका झाला. खांबांवर दिवे लागले होते. पिवळेजर्द. लायनीतली सगळी माणसं बाहेर आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी नारळ फोडला. इस्टेटपर्यंत माळ लागल्यासारखी दिसत होती. मी पण नाचायची बाकी राहिले होते. सेलचा खर्च वाचला!

सासूबाई ओट्यावरच होत्या. बघत होत्या. म्हणाल्या, "आता येवढ्या दिव्यांत तुझो खंयचो, माका काय कळतला?"

"आता बघायची गरजच नाही, आई. आता काळोख कुठे आहे?"

"खरा आसा," त्या म्हणाल्या. "सरकारान दिवे लावल्यान. आता माझा काय काम?"

दुसऱ्या दिवशी मी दिवे न लावताच निघाले. रस्ता स्वच्छ, खड्डे दिसतात, म्हशी लांबून दिसतात. परत येताना सवयीने शेवटच्या वळणावर उतरले. हात हँडलकडे गेला आणि लक्षात आलं, दाखवायचं कुणाला? ओटा दिसत होता. त्याच्यावर कुणी नव्हतं. इतक्या उजेडात पहिल्यांदाच मला तो रस्ता लांब वाटला. घरी आले तर सासूबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, कंदील खुंटीला टांगलेला, काच पुसून, कापडात गुंडाळून. "इलंस?" म्हणाल्या. मान वर केली नाही.

रात्री झोप लागेना. इतके दिवस मला वाटत होतं, दिव्याची अट त्यांची आहे आणि मी ती पाळतेय. आता अट कुणी घालत नव्हतं, आणि मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

सकाळी मखराच्या कागदाची गुंडाळी काढली. लाल संपत आला होता. हिरवा अख्खा होता. पुढच्या दिव्याच्या काचेवर हिरवा कागद ताणून दोऱ्याने बांधला. आता या दिव्याने मला रस्ता काही दिसणार नव्हता. नाही दिसला तर नाही. रस्ता दाखवायला खांब होते.

संध्याकाळी डबे बांधले. सासूबाईंना काही बोलले नाही, फक्त जाता जाता खुंटीवरचा कंदील काढून ओट्यावर ठेवला. गाळ्यावर कारागिरांनी बघितलं आणि सुरू झाले, "वहिनी, हा काय प्रकार? सिग्नल पडला काय?" मी म्हटलं, "पडला. जेवा गुपचूप."

परत येताना त्या सगळ्या पिवळ्या दिव्यांच्या खालून माझा एकटा हिरवा दिवा चालला होता. वळणावर उतरले. काढला. वर-खाली, वर-खाली केला. खांबाच्या उजेडात ओट्यावरचा कंदील काही धड दिसणार नाही, हे मला माहीत होतं. दिसलाच नाही. पण ओट्यावर एक माणूस उभं होतं आणि त्याचा हात वर होता, ते दिसलं.

दारात सायकल लावली. सासूबाईंनी रिकामे डबे माझ्या हातून घेतले.

"हिरवो दिसलो गो," त्या म्हणाल्या. "मी अर्ध्या वाटेरच वळाखलंय." आणि आत जाताजाता, "चाय ठेवलंय. सेल काढून ठेव आधी, उगाच जळतत."